ब्रेकला पाय लावायचा नाही

जावयाची तक्रार करायची तर कोणाकडे करायची, याच पेचात बाईंची दोन वर्षं गेली होती. मुलाला दोन शब्द सुनावता येतात, लेकीला चार. जावयाला तोंडावर बोलायला मात्र जीभ रेटत नाही. तो लेकीचा नवरा, घरातला असून पाहुणा. मग जे त्याला सांगायचं ते सगळं कटर मास्तरांच्या वाट्याला यायचं.

"माणूस वाईट नाही हो," बाई मशीनवर पडद्याचा काठ दुमडता दुमडता म्हणायच्या. "व्यसन नाही, उधळपट्टी नाही, माझ्या लेकीला कधी वर आवाज करून बोलत नाही. पण चुकतच नाही. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि फोन बघत बसले. दूध गेलं उतू. मी काही बोलले का? नाही बोलले. तर आपण होऊन सांगतात, आई, या पातेल्याचा तळ सपाट नाही, एका बाजूनं जास्त तापतो. आता सांगा, पंचवीस वर्षं मी त्याच पातेल्यात दूध तापवतेय."

मास्तर लांब टेबलावर कापड पसरून कात्री चालवत असायचे. त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांना "हूं" एवढंच म्हणता यायचं. बाईंना तेवढं पुरायचं.

जावईबापू एका मोठ्या कचेरीत तपासनीस होते. दुसऱ्यांनी केलेले कागद घ्यायचे, त्यात चुका शोधायच्या आणि लाल खुणा करून परत पाठवायचे, हीच त्यांची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बघून बघून स्वतःची चूक बघायला डोळ्यांत जोर उरत नसेल, असं बाईंचं मत होतं. घरजावई हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नव्हता. वरच्या दोन खोल्या लेकीच्या, खालचा कारखाना आपला, एवढंच त्या सांगायच्या. ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं.

कारखाना म्हणजे पाच शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेले पडद्यांचे दांडे. लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, इथं शिवायचं आणि मग शिडी, ड्रिल, दांडे, पडदे सगळं घेऊन जाऊन लावून द्यायचं. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचायला बसल्या की एकेका अक्षरावर बोट ठेवून जायच्या, पण खिडकी नुसती डोळ्यांनी बघून किती कापड लागेल ते सांगायच्या आणि वीतभरही चुकायच्या नाहीत. मशीनचं म्हणाल तर कारखान्यातली पाचही मशीनं त्या दर शनिवारी स्वतः उघडायच्या. ब्रशनं धाग्यांचा कचरा काढायचा, थेंब थेंब तेल घालायचं, हातानं चाक फिरवून बघायचं. कारागीर बायका म्हणायच्या, बाई, चालतंय ना, मग कशाला उघडता. बाई म्हणायच्या, चालतंय तेव्हाच उघडायचं असतं, बंद पडल्यावर तर कोणीही उघडतं.

अशा बाईला जावयानं इलेक्ट्रिक गाडी घ्यायला लावली, तीही एका वाक्यात.

तेव्हा त्यांच्याकडे जुनी डिझेलची व्हॅन होती. धूर सोडायची, चढावर रडायची, महिन्याआड मिस्त्रीकडे जायची. जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. डावीकडे व्हॅनचे खर्च, उजवीकडे इलेक्ट्रिकचे. उजवी बाजू जवळजवळ कोरी होती.

"आई, यात इंजिन नाही. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, पट्टा नाही, सायलेन्सर नाही. आता तुम्हीच सांगा, जे नाहीच ते बिघडणार कसं?"

बाईंनी आयुष्यात कापडवाल्यांना उत्तरं दिली होती, फर्निचरवाल्या शेठला दिली होती, पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांना तर झोपेतही दिली असती. या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शिकलेला माणूस आहे, आकडे मांडून दाखवतोय, आपण काय बोलणार, असं म्हणून त्यांनी मान डोलावली. व्हॅन विकली. भरतकामाचं मोठं मशीन होतं तेही विकलं. गाडी आली. मागची सीट पाडली की पुढपर्यंत दांडे सरकतील एवढी लांब, आणि चालताना आवाज म्हणाल तर कापडावर हात फिरवल्याएवढा.

आता खरं ते बोललं पाहिजे. पहिलं वर्ष गाडीनं सोन्यासारखं काढलं. घरीच चार्ज व्हायची आणि व्हॅनला आठवड्याला जेवढं डिझेल लागायचं तेवढ्यात ही महिनाभर पळायची. बाई कापडवाल्याला ऐकवायच्या, "आमच्या गाडीला काही म्हणजे काही लागत नाही." ऐकवताना मान जरा ताठ व्हायची. गाडी चालवता न येणारी बाई गाडीचा एवढा तोरा मिरवते, हे बघून मास्तर टाचण्यांमधून हसायचे.

सर्व्हिसची आठवण करून देणारे संदेश यायचे ते जावयाच्या फोनवर. ते अंगठ्यानं बाजूला सारायचे.

"कंपनीचे खेळ आहेत हे, आई. पाणी भरतील, पुसून देतील आणि बिल फाडतील. इंजिन नसलेल्या गाडीची सर्व्हिस म्हणजे टकल्याचे केस कापणं."

यावर बाई हसल्या होत्या. तेही खरंच.

आणि मग तो ब्रेकचा खेळ. ही गाडी अशी होती की वेगाचा पेडल सोडला की ती आपोआप हळू व्हायची आणि हळू होताना पुन्हा थोडी वीज साठवायची. जावईबापूंना याचा एवढा आनंद झाला की जणू हा शोध त्यांनीच लावला. "ब्रेक दाबणं म्हणजे वीज फेकून देणं," ते लेकीला शिकवायचे. "पुढचं बघून चालवायचं. चांगल्या ड्रायव्हरला ब्रेक लागतच नाही. ब्रेकला पाय लावायचा नाही."

त्यातून पैज निघाली. जो ब्रेक दाबेल त्यानं त्या संध्याकाळी सगळ्यांचा चहा करायचा. लेक, जावई आणि कधीमधी फिटिंगला गाडी नेणारे मास्तर, तिघंही इरेला पेटले. बाई शेजारच्या सीटवर बसून पाय बघायच्या आणि कारखान्यात आल्यावर शिवणाच्या खडूनं भिंतीवर ज्याच्या त्याच्या नावाखाली रेघ ओढायच्या. मास्तरांच्या खाली दहा, लेकीच्या खाली सात. जावयाच्या खाली दोन वर्षांत एक रेघ होती, आणि ती एक कशी धरता येणार नाही हे त्यांनी आठवडाभर समजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गाडी कुरकुर करायला लागली. मागच्या चाकातून वळताना कर्र असा आवाज यायचा. लांबून आल्यावर करपल्यासारखा वास यायचा. आधी दोन दिवस पुरणारा चार्ज दीड दिवसावर आला. टायर गुळगुळीत झाले, बाईंनी हात फिरवून बघितले तर जुन्या चपलेच्या तळासारखे लागले.

"टायर एवढ्यात कसे संपले हो?" त्यांनी विचारलं.

"गाडी जड आहे, आई. बॅटरीचं वजन असतं. शिवाय उठते जोरात."

सिग्नलला हिरवा पडला की ती जोरात कोण उठवतं, हे बाईंनी विचारलं नाही.

"आणि वास?"

"रस्त्याच्या डांबराचा आहे."

"आणि आवाज?"

"चाकात खडा अडकला असेल. निघेल आपोआप."

"आणि चार्ज?"

"थंडीत बॅटरी कमीच देते."

बाई पदरानं कपाळाचा घाम पुसत होत्या. त्यांनी पंखा वाढवला.

मंगळवारी दुपारी मायलेकी एका घरी पडदे लावून परत येत होत्या. लेक चालवत होती, मागे शिडी आणि उरलेले दांडे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या. एका उभ्या ट्रकच्या आडून एक सायकलवाला एकदम समोर आला. लेकीनं सवयीनं पेडल सोडला. गाडी हळू झाली, पण हळू होऊन भागण्यासारखं नव्हतं. मग तिनं ब्रेक दाबला, सगळा जोर लावून. चारही चाकांनी मिळून थांबायचं सोडून एकाच बाजूनं जोर धरला आणि गाडी तिरकी होऊन पदपथावर चढली. टायर फाटला. शिडी पुढे सरकून दोन सीटांच्या मधून बाईंच्या कोपराला लागली. सायकलवाला हातभर अंतरावर उभा होता, सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"बाई, गाडी शिकलाय का नाही?" तो लेकीला म्हणाला, आणि आणखी बरंच काही म्हणाला. लेकीनं ऐकून घेतलं. तिचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. बाईंनी ते एकेक बोट करून सोडवले.

गाडी उचलून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. तिथं काचेच्या खोलीत एका गणवेशातल्या पोरीनं हातातल्या स्क्रीनवर यादी केली आणि छापून बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी एकेक ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, तेवढ्यात जावईबापू कचेरीतून आले आणि त्यांनी कागद उचलून घेतला. चारही चाकांच्या डिस्क, डिस्कला पकडणारे चारही कॅलिपर, पॅड, ब्रेकचं तेल, चार टायर, छोटी बॅटरी, मोठी बॅटरी थंड ठेवणारं कूलंट, मजुरी. खालचा आकडा कारखान्याच्या चार महिन्यांच्या कमाईएवढा होता. जावयानं कागद दोनदा वाचला. हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि तिथंच राहिला.

बाई वाट बघत होत्या. आता म्हणतील, चुकलं माझं. दोन शब्द.

"आई, मला वाटतं ही गाडी काढून टाकावी," जावईबापू म्हणाले. "हे मॉडेलच सदोष आहे. नवीन आलंय त्यात हे सगळं सुधारलंय. जुनी देऊन नवी घ्यायची योजना आहे यांची, शनिवारपर्यंत."

"जुनीचे किती देतात?"

त्यांनी सांगितलं. आपण दिले होते त्याचा तिसरा हिस्सा.

"आणि वरचे?"

"कर्ज घ्यायचं. मी आकडे मांडून दाखवतो."

"नको," बाई म्हणाल्या, "तुम्ही मांडलेले आकडे घेऊनच आपण इथवर आलो."

एवढं त्या बोलल्या, तेही जावयाकडे न बघता, यादीकडे बघून. लेकीनं चमकून आईकडे पाहिलं.

गाडी बाईंच्या नावावर होती. सही लागणार होती ती त्यांचीच. आणि त्या कागदावर सही केली की काय होणार, हे त्यांना चांगलं कळत होतं. सोमवारपासून एका वसतिगृहाच्या साठ खिडक्या लावून द्यायच्या होत्या. नवी गाडी येईपर्यंत भाड्याचा टेम्पो, आणि टेम्पोवाला फिटिंगची सगळी कमाई कशी खातो हे बाईंनी आधी एकदा बघितलं होतं. तेव्हा त्यांना कारखाना अर्धा बंद करून फर्निचरवाल्या शेठच्या दुकानासाठी नगावर शिवावं लागलं होतं. शेठ प्रत्येक पडदा उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, टाका जरा वाकडा आहे. त्या माणसाच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी त्यांनी पै पै जमवून आधी व्हॅन केली होती. वर कर्जाचा हप्ता मानेवर बसला तर पुन्हा त्याच दारात.

बाई त्या गणवेशातल्या पोरीकडे वळल्या. "मला सांग बाळा, मोठी बॅटरी कशी आहे?"

"उत्तम आहे काकू. त्र्याण्णव टक्के."

"आणि मोटर?"

"मोटरला काहीच नाही."

"म्हणजे मशीन चांगलं आहे, नुसतं पायडल आणि पट्टा गेलाय."

पोरीला हसू आलं. "तसंच म्हणा."

"मग मशीन भंगारात कोण देतं? शनिवारपर्यंत वेळ आहे ना? मी बघते."

"आई, हे शिलाई मशीन नाही," जावईबापू म्हणाले.

"ते कळलं मला," बाई म्हणाल्या. "शिलाई मशीन पदपथावर चढत नाही."

बुधवारी गाडी पुन्हा उचलून जुन्या मिस्त्रीच्या गॅरेजला आणली. उचलण्याचे पैसे दोनदा गेले, म्हणून बाईंच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. मिस्त्री म्हणजे त्यांच्या व्हॅनचा डॉक्टर. लांबट शेड, खाली तेलानं काळी पडलेली फरशी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं.

"मालकीणबाई, दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीत," मिस्त्री म्हणाला. "म्हटलं, मी गेलो असं समजल्या की काय."

"टोमणे मग मार. ही येते का तुला?"

मिस्त्रीनं बोनेट उघडून आत डोकावलं. "हे नारंगी केबल दिसतात का? मोठ्या बॅटरीची सगळी वीज त्यांतून जाते. त्यांना मी हात लावणार नाही, माझी बायको माझ्यावर अजून एवढी चिडलेली नाही. कूलंट पण कंपनीकडूनच घ्या. बाकी ब्रेक हे ब्रेकच असतात, गाडी डिझेलवर चालू दे नाहीतर देवाच्या कृपेवर."

गाडी वर चढवली, चाकं काढली. डिस्क बघून मिस्त्रीनं शीळ घातली. मागच्या दोन्ही डिस्क तांबड्या झाल्या होत्या, नख लावलं तर गंजाचा पापुद्रा निघत होता. त्यानं बाईंना हातानं दाखवलं. पॅड ज्या पिनांवर सरकतात त्या पिना जागेवर आखडून बसल्या होत्या. मागच्या ब्रेकनं डिस्क जराशी पकडून ठेवलेली, ती सुटतच नव्हती.

"म्हणजे ब्रेक लावूनच चालत होती ही," मिस्त्री म्हणाला. "म्हणून वास, म्हणून चार्ज संपायचा. आणि पुढं डावी बाजू धरते, उजवी धरत नाही. तिरकी जाणारच. एक सांगा, ही गाडी नुसती उभी असते का?"

"रोज चालते."

"मग ब्रेक का कोणी दाबत नाही?"

बाईंनी चहाची पैज सांगितली, खडूच्या रेघा सांगितल्या, मास्तरांच्या दहा आणि लेकीच्या सात. मिस्त्री हसता हसता काढलेल्या चाकावर बसला. डोळे पुसायला हात वर केला, हात काळा होता म्हणून खाली घेतला.

"अहो, दाबला तरच तो घासून साफ राहतो. न दाबता ठेवला की गंजतो. आणि वर्षातून एकदा कोणीतरी पिना काढून, साफ करून, ग्रीस लावून द्यायचं असतं. या गाड्यांना तर जास्तच, कारण ब्रेक कामाला लागतच नाही. सर्व्हिसला दिली नव्हती?"

"नाही."

"का?"

"इंजिन नाही म्हणून."

मिस्त्रीनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि या वेळी हसला नाही.

बाई त्या आखडलेल्या पिनेकडे बघत उभ्या राहिल्या. दर शनिवारी पाच मशीनं उघडणारी बाई आपण. वापरात नसलेलं मशीन किती लवकर आखडतं हे दुसऱ्याला शिकवणारी. आणि एका वाक्याला भुलून दोन वर्षं भिंतीवर रेघा ओढत बसलो, लेकीच्या पायाला ब्रेकची सवयच ठेवली नाही. जावयावर राग होताच, पण त्या रागात आता स्वतःचाही वाटा होता आणि तो गिळायला कडू होता.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "रेघा मी ओढल्या. आता सांग, काय बदलायचं आणि काय वाचवता येतं. बदलायला सगळेच सांगतात."

मिस्त्रीला असली गिऱ्हाइकं आवडायची. तो एकेका चाकाकडे गेला. मागच्या डिस्क गेल्या, त्या बदलायच्या. पुढच्या साफ करून चालतील. कॅलिपर एकही बदलायचा नाही, पिना सोडवायच्या, घासायच्या, नवी रबरं घालायची. पॅड चारही नवे, ब्रेकचं तेल नवं. टायर दोन नवे घ्यायचे, राहिलेल्यांतले दोन बरे सहा महिने काढतील. छोटी बॅटरी नवी, पण ती कुठल्याही दुकानात मिळते. कूलंट कंपनीत. बाई बोटांवर मोजत गेल्या. मोजून झालं तेव्हा चार महिन्यांची कमाई सव्वा महिन्यावर आली होती. तीही काही आनंदानं द्यावी अशी रक्कम नव्हती. वसतिगृहाच्या कामातून काही सुटणार नव्हतं. पण शेठचं दार टळत होतं.

"शनिवारी दुपारपर्यंत देतो," मिस्त्री म्हणाला.

"दे. आणि पिना सोडवायचं काम शनिवारसाठी ठेव. एक माणूस पाठवते, त्याच्यासमोर कर."

शनिवारी जावईबापू इस्त्रीच्या शर्टात आले, काखेत फाइल, फाइलमध्ये जुनी देऊन नवी घ्यायचा कागद, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली केलेली. लेक बरोबर होती. बाई एका उलट्या डब्यावर बसल्या होत्या.

"आई, पाच वाजेपर्यंत तिथं पोचायला हवं," ते म्हणाले.

"मी कालच फोन करून नको म्हणून कळवलं त्यांना," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा इकडे या. मिस्त्री काहीतरी दाखवतोय."

मिस्त्रीनं त्यांना काहीच न समजावता हातात लोखंडी कॅलिपर दिला. "धरा साहेब, घट्ट." जावयानं धरला. मिस्त्रीनं पान्यानं पिन फिरवली. हलली नाही. पाना मोठा घेतला, त्यावर हातोडी मारली. तिसऱ्या घावाला पिन कर्र करून सुटली आणि तांबडी भुकटी इस्त्रीच्या बाहीवर पडली. मिस्त्रीनं पिन जावयाच्या तळहातावर ठेवली. गंजलेली, सुकलेलं ग्रीस खरवडासारखं चिकटलेलं.

"ही बोटानं सरकायला पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "दरवर्षी पाच मिनिटांचं काम असतं."

जावईबापूंनी पिन उलटसुलट करून बघितली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. लेकीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं, मंगळवारी स्टिअरिंगला चिकटलेल्या. बाईंना वाटलं, आता. आता म्हणतील.

"आई," ते म्हणाले, "याचा अर्थ कंपनीनं डिझाइन करताना गंजाचा विचारच केलेला नाही."

बाईंनी दात दातांवर ठेवले. मिस्त्री ग्रीसचा डबा आणायला उठून गेला, खरं तर डबा त्याच्या पायाशीच होता.

चार वाजता गाडी तयार झाली. मिस्त्रीनं गल्लीत फिरवली, जोरात नेली, कडक ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली, जणू जमिनीत खिळा ठोकला. बाईंनी पैसे मोजून दिले. घरी जाताना जावई चालवायला बसले, बाई शेजारी, लेक मागे.

दोन चौक गेले. तिसऱ्या चौकाच्या अलीकडे जावईबापूंनी घसा साफ केला.

"आता एक करायचं. आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर, तीन-चार वेळा कडक ब्रेक दाबायचा. त्यानं डिस्कवरचा गंज घासून निघतो. मी काल वाचलं. लोकांना हे माहीतच नसतं. आणि सर्व्हिस दरवर्षी द्यायची, या गाड्यांत ती जास्त महत्त्वाची असते. मी तर सुरुवातीपासूनच म्हणत होतो की ब्रेककडे दुर्लक्ष…"

मागच्या सीटवर लेकीला ठसका लागला. खोटा नव्हता.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. ब्रेक दाबून, सरळ.

बाईंनी पट्टा सोडला आणि सगळ्या अंगानं त्या जावयाकडे वळल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावयाच्या डोळ्यांत बघून बोलायला सुरुवात केली, आणि आवाज चढवला नाही.

"तुमच्याबद्दल जे बोलायचं ते मी मास्तरांना बोलले, कापडवाल्याला बोलले, तुम्हाला नाही बोलले. तो माझा भेकडपणा. आज बोलते. गाडी राहणार आहे. ती वस्तू आहे, झिजणारच. तिला टायर लागतील, पॅड लागतील, उद्या आणखी काही लागेल, ते मी भरीन, कुरकुर करत भरीन, पण मला ते परवडतं. तुमचं सारखं बरोबर असणं मला परवडत नाही. मंगळवारी माझी लेक एका माणसाच्या अंगावर जाता जाता राहिली. मिस्त्रीसमोर चूक मी कबूल केली, आणि मला चालवता पण येत नाही. तुमच्या तळहातावर पिन ठेवली तरी तुमच्या तोंडून ते निघालं नाही. दुसऱ्यांचे कागद तपासता ना, तसे आता स्वतःला तपासा, घाई नाही, महिना लागू दे नाहीतर वर्ष. ज्या दिवशी चुकलं म्हणता येईल त्या दिवशी माझ्याकडे चावी मागायला या. मला नाही, तिला म्हणा, मागे बसलीय तिला. आता उतरा आणि मागे जाऊन बसा. गाडी ती चालवेल."